एका पंक्तीत

शिष्यवृत्ती, म्हणजे गरजू विद्यार्थ्याला शिक्षणासाठी मिळणारे साहाय्य, नुसत्या पैशाच्या रूपाने आली तर फी भरली जाते. पण घर सोडून आलेल्या मुलाला धीर येतो तो सोबत्यांबरोबर एका पंक्तीत बसल्यावर. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सुरू केलेल्या वसतिगृहात निरनिराळ्या जातींची मुले मिळून स्वयंपाक करत आणि एका पंक्तीत जेवत; त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती. धान्याची चणचण भासली, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरच्या सोन्याबरोबर मंगळसूत्रही काढून दिले. असा घास ज्याच्या ताटात पडतो, तो मुलगा नवख्या सोबत्याला गणित समजावताना उपकार करत नाही. एका पंक्तीतल्या शेजाऱ्याकडे भाकरी सरकवावी, तितक्याच सहजतेने तो आपली वही पुढे सरकवतो.