नाबोथाचा मळा आणि विमानतळाची धावपट्टी

(मननासाठी वाचन : १ राजे २१:१-२९)



अहाब राजाने नाबोथापुढे ठेवलेला प्रस्ताव तसा वाईट नव्हता. राजवाड्याला लागून असलेला तुझा द्राक्षमळा मला भाजीपाल्यासाठी दे. त्याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत मोजतो, असे राजा म्हणाला. आजच्या भाषेत सांगायचे तर मोबदलाही होता आणि पर्यायी जमीनही होती. तरी नाबोथ नाही म्हणाला. तो मळा त्याच्या वाडवडिलांचे वतन होता. शिवाय जमिनीचा खरा मालक परमेश्वर आहे, माणूस तिचा फक्त राखणदार, ही इस्राएलची श्रद्धा होती (लेवीय २५:२३).

राजाने जमीन मागितली, यात पाप नव्हते. पाप घडले ते नकारानंतर. ईजबेल राणीने राजाच्या शिक्क्याची पत्रे धाडली. गावात उपवास जाहीर झाला, दोन खोटे साक्षीदार उभे राहिले, गावच्या वडीलधाऱ्यांनी माना डोलावल्या आणि नाबोथाला दगडमार झाला. कागदोपत्री सारे कायदेशीर होते. एलिया संदेष्टा आला नसता तर कुणी ब्रही काढला नसता.

बंधुभगिनींनो, ही गोष्ट जुन्या करारात संपली नाही. जपानमध्ये टोकियोपासून काही अंतरावर नारिता नावाचे शहर आहे. जवळच्या सानरिझुका भागात शेतकऱ्यांची गावे होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अनेक गरीब कुटुंबांनी तिथली पडीक जमीन स्वतःच्या हातांनी लागवडीखाली आणली होती. जुलै १९६६ मध्ये सरकारने तिथे आंतरराष्ट्रीय विमानतळ बांधायचे ठरवले. शेतकऱ्यांना आधी कुणी विचारले नाही. विरोधासाठी संघटना उभी राहिली. तिचा अध्यक्ष होता शेतीची अवजारे विकणारा एक दुकानदार, तोमुरा इस्साकु. तो ख्रिस्ती होता.

पुढे जे झाले ते दुःखदायक आहे. १९७१ साली सक्तीने जमिनी घेण्यात आल्या. बायकांनी स्वतःला झाडांना साखळ्यांनी बांधून घेतले. भात झोडत असलेल्या एका म्हाताऱ्या बाईला उचलून बाहेर काढले आणि तिचे घर पाडले. त्याच सप्टेंबर महिन्यात झालेल्या संघर्षात तीन पोलीस मरण पावले. तेही कुणाची तरी मुले होती. मार्च १९७८ मध्ये आंदोलकांनी विमानतळाच्या नियंत्रण मनोऱ्यात घुसून यंत्रे फोडली. विमानतळ अखेर २० मे १९७८ रोजी एकाच धावपट्टीवर सुरू झाला. दुसरी धावपट्टी वापरात यायला २००२ साल उजाडले, आणि तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण मधली काही शेते मिळाली नव्हती.

याहून खोल जखम गावांत झाली. कुणी जमीन विकली, कुणी विकली नाही. शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला. काँक्रीटची धावपट्टी दुरुस्त करता येते. फुटलेले गाव सांधायला पिढ्या लागतात.

पण एलियाचे शब्द ऐकून अहाबानेही गोणपाट नेसून उपवास केला होता, आणि परमेश्वराने त्याच्या पश्चात्तापाची दखल घेतली होती. जपानमध्येही तसे काही घडले. १९९१ पासून सरकार आणि विरोधक शेतकऱ्यांचा एक गट समोरासमोर बसले. सक्तीने जमीन घेण्याचा मार्ग सरकारने १९९३ मध्ये सोडून दिला. १९९५ साली पंतप्रधान मुरायामा यांनी झाल्या प्रकाराबद्दल स्थानिक लोकांची क्षमा मागितली. सगळे वाद तरीही मिटले नाहीत. मात्र जो संवाद जवळपास पंचवीस वर्षांनी झाला तो १९६६ मध्येच झाला असता तर किती प्राण वाचले असते!

मग ख्रिस्ती माणसाने विमानतळाला विरोध करावा का? ख्रिस्तसभा विकासाच्या विरोधात नाही. आपली मुले आखातात, परदेशात नोकरीला जातात. आपणही पवित्र भूमीच्या यात्रेला विमानानेच जातो. पण २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी शिकवले की, असा प्रकल्प ठरवताना चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असले पाहिजे, कारण त्याचे परिणाम त्यांच्या लेकराबाळांना भोगायचे असतात. त्यांना आधी विचारणे म्हणजे त्यांच्यावर उपकार नव्हेत, तो न्याय आहे.

हे आपल्यापासून दूर नाही. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये प्रवाशांसाठी सुरू झाला. त्यासाठी उलवे टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला आणि दहा गावांना आपली घरे सोडावी लागली. आपण वसईकरांनीही जमीन आणि पाणी राखण्यासाठी फा. फ्रान्सिस दिब्रिटो यांच्याबरोबर हरित वसईच्या लढ्यात भाग घेतला आहे. 'जमीन गेली' या दोन शब्दांचे वजन आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

तेव्हा या आठवड्यात तीन गोष्टी मनावर घेऊ या. पहिली, ग्रामसभा किंवा जनसुनावणी असेल तेव्हा घरी बसू नये. नाबोथाच्या गावचे वडीलधारे गप्प राहिले, हा त्यांचा अपराध होता. दुसरी, विरोध करायचा तर तो सत्याने आणि हात न उगारता करावा. पेत्राने तलवार उपसली तेव्हा प्रभू येशूने ती म्यानात घालायला सांगितली. आणि तिसरी, ज्याने जमीन विकली त्याला गद्दार म्हणू नये व ज्याने विकली नाही त्याला अडाणी म्हणू नये. दोघेही रविवारी एकाच वेदीसमोर गुडघे टेकतात.

पुढच्या वेळी विमानात बसाल आणि चाके जमीन सोडतील, तेव्हा क्रुसाची खूण करताना स्वतःच्या सुखरूप प्रवासाबरोबर आणखी एक प्रार्थना करा. त्या धावपट्टीखाली ज्यांची शेते आणि ज्यांच्या विहिरी गेल्या, त्यांच्यासाठी.

हे प्रभो, ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांना ऐकणारे कान दे, ज्यांची जमीन जाते त्यांना न्याय दे, आणि आम्हांला नाबोथाच्या बाजूने बोलण्याचे धैर्य दे. आमेन.