चूक दाखवणाऱ्याचा धर्म

चूक दिसली तर बोलावे की गप्प राहावे? हा प्रश्न जुनाच आहे. परंतु दूरदर्शन संच घरोघरी आल्यापासून तो ओसरीवर बसलेल्या माणसालाही पडू लागला आहे.

सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ या कार्यक्रमात असा प्रश्न आला, की भारतीय संसदेची बैठक सर्वसाधारणपणे कशाने सुरू होते. कार्यक्रमाने बरोबर धरलेले उत्तर होते प्रश्नकाल. एका प्रेक्षकाने लगेच जाहीरपणे लिहिले, की हे चुकले. दोन्ही सभागृहांचे कामकाज मी पाहतो, लोकसभेत प्रश्नकालाने सुरुवात होते, पण राज्यसभेत शून्यकालाने. कार्यक्रमाच्या निर्मितीशी निगडित सिद्धार्थ बसू यांनी उत्तर दिले, की चूक मुळीच नाही. सदस्यांसाठीच्या पुस्तिका पाहा, स्वतः तपासा.

आता न्याय कसा करावा? २०१४ च्या हिवाळी अधिवेशनापासून राज्यसभेने प्रश्नकाल सकाळी ११ वरून दुपारी १२ वाजता नेला. अकराच्या प्रश्नकालात वारंवार गोंधळ होत असे, म्हणून हा बदल झाला. म्हणजे प्रेक्षकाने पाहिलेले खरे होते. एकाने प्रत्यक्षाचा आधार घेतला, दुसऱ्याने शब्दाचा, म्हणजे ग्रंथाचा. आपल्या शास्त्रात ही दोन्ही प्रमाणे आहेत. परंतु आचार्यांनी गीताभाष्यात त्यांची हद्द ठरवून दिली आहे. ग्रंथाचा अधिकार डोळ्यांपलीकडच्या वस्तूविषयी. जे उघड दिसते त्याच्या विरोधात ग्रंथ उभा करता येत नाही. सभागृहात अकरा वाजता काय होते, हे तर डोळ्यांनी पाहण्याचेच आहे. खरा दोष प्रश्नातच होता. दोन सभागृहांच्या दोन रीती असताना ‘संसद’ या एका शब्दात दोन्ही कोंबली गेली.

कोणी म्हणेल, करमणुकीच्या खेळात एवढी चिकित्सा कशाला? पण त्या खुर्चीवर बसलेल्याचे लाखो रुपये एका उत्तरावर टांगलेले असतात. आमच्या हिंगोलीकडची स्पर्धा परीक्षेची मुले असले प्रश्न वहीत उतरवून पाठ करतात. जिथे दुसऱ्याचे नुकसान होते, तिथे गप्प बसणे हा नम्रपणा नव्हे.

मात्र बोलणाऱ्यालाही धर्म आहे. औंढ्याच्या नागनाथाची कथा आपण सर्व जाणतो. नर्सीचे नामदेवराय देवळात गेले, तो विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले. नामदेवरायांनी तिथल्या तिथे चूक दाखवली. त्यांच्या डोळ्यांना दिसले ते खरेच होते. विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. पाय उचलून जिकडे ठेवावेत तिकडे पिंडी!

या कथेचा आधार घेऊन कित्येकजण शंका विचारणाऱ्याचे तोंड बंद करतात, की थोरांना प्रश्न करू नये. कथा तसे सांगत नाही. विसोबांनी नामदेवरायांना गप्प केले नाही. तूच उचलून पाहा, असे म्हटले. नामदेवरायही हट्टाला पेटले नाहीत. त्यांनी पाय उचलले आणि जे दिसले ते मान्य केले. चूक दाखवायला गेलेला माणूस शिष्य होऊन परतला. दोघांचाही धर्म तिथे पूर्ण झाला. सांगणाऱ्याने आपले ज्ञान कसोटीला लावावे, आणि ज्याला सांगितले त्याने कसोटीची वाट मोकळी ठेवावी. ‘स्वतः तपासा’ हे उत्तर म्हणूनच चांगले. पण ते म्हणणाऱ्यालाही लागू असते.

फडावर पाहा. कीर्तनकाराचा चरण निसटला, तर मागचा जाणता टाळकरी तोच चरण शुद्ध उचलून गातो. श्रोत्यांना कळतही नाही, अभंग मात्र शुद्ध राहतो. त्याला कीर्तनकाराला हरवायचे नसते, अभंग सांभाळायचा असतो. म्हणून चूक दिसली की आधी मनाला विचारावे, मी सत्याला सांभाळतो आहे की स्वतःला मिरवतो आहे? पहिले असेल तर अवश्य बोलावे, सगळ्यांदेखत बोलावे लागले तरीही.