जतन, निष्ठा आणि केशवसुतांचे घर

आषाढातील एका संततधार दिवशी मालगुंडच्या केशवसुत स्मारकात जाण्याचा योग आला. रत्नागिरी जिल्ह्यातील याच गावी १८६६ मध्ये केशवसुतांचा जन्म झाला. कोकण मराठी साहित्य परिषदेच्या प्रयत्नांतून येथे स्मारक उभे राहिले आणि १९९४ साली कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले. पावसामुळे दुसरे कोणी आलेले नव्हते. कौलारू जन्मघरात पावसाचा आवाज ऐकत असता एक प्रश्न मनात उभा राहिला. ज्या कवीने ‘तुतारी’मध्ये (१८९३) जुन्याचा मोह टाकण्याचे आवाहन केले, त्याचेच जुने घर जपणे ही त्याच्याशी निष्ठा म्हणावी की प्रतारणा?

याचे एक सोपे उत्तर संभवते. स्मारक व्यक्तीचे असते, आवाहन कवितेचे; दोहोंची गल्लत करू नये. रोलाँ बार्थच्या ‘लेखकाचा मृत्यू’ (१९६७) या निबंधाचा आधार घेतला, तर लेखकाचे घर समीक्षेच्या कक्षेबाहेरच जाते. परंतु केशवसुतांच्या बाबतीत हे उत्तर अपुरे पडते. त्यांच्या हयातीत त्यांचा एकही काव्यसंग्रह निघाला नाही. १९०५ मध्ये हुबळी येथे प्लेगने त्यांचा अंत झाला आणि ‘केशवसुतांची कविता’ हा संग्रह हरि नारायण आपटे यांनी प्रसिद्ध केला तो १९१७ मध्ये. नवतेचा हा उद्गार पुढील पिढ्यांच्या हाती संग्रहरूपाने आला, तो कोणीतरी तो जपला म्हणून. जतनाला सरसकट नाकारणारी नवता स्वतःच्या अस्तित्वाची अटच नाकारीत असते.

मग जतन म्हणजे काय? कोकणातील कौलारू घर एकदा बांधले की टिकले, असे होत नाही. पावसाळ्यापूर्वी ते शाकारावे लागते. फुटकी कौले काढून नवी बसवावी लागतात, कुजलेल्या रिपा बदलाव्या लागतात. शाकारणाऱ्याला घराविषयी आस्था असते. फुटक्या कौलाविषयी नसते. येथे जपणे आणि टाकणे ही एकाच कृतीची दोन अंगे ठरतात.

वाङ्मयीन परंपरेच्या बाबतीत आपण नेमके हेच टाळतो. प्रस्तुत लेखकाने स्वतः अनेक वर्षे ‘तुतारी’ ही युगप्रवर्तक कविता म्हणून शिकविली. तिचा आक्षेप आज कोणावर आहे, हे मात्र वर्गात कधी विचारले नाही. त्यामुळे तिच्यातील ‘जुने’ हे नेहमी एकोणिसाव्या शतकातले, म्हणजे दुसऱ्यांचे, राहिले. आपल्या अभ्यासक्रमातील, आपल्या समीक्षेतील आणि खुद्द केशवसुतांविषयीच्या ठरीव विधानांतील जुन्याला धक्का लागला नाही. प्रतारणा झाली असेल तर ती येथे झाली. मालगुंडच्या घराला त्याचा दोष देता येणार नाही.

अर्थात, शाकारणीलाही मर्यादा आहे. कौले बदलता बदलता कोणी वासेच काढू लागला, तर आपण दुसरे घर बांधीत आहोत हे त्याने प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. सोयीचे पुनर्वाचन हेही एक प्रकारचे विस्मरणच होय.

म्हणून स्मारक पाहून परतणाऱ्या अभ्यासकावर आदराखेरीज आणखी एक जबाबदारी येते. कवितेतील कोणती ओळ आजही आपल्याला अडचणीत आणते आणि कोणती केवळ सवयीने उद्धृत होते, हे त्याने प्रत्येक वाचनात नव्याने तपासले पाहिजे.