अंगणातले खोटे गवत

अंगणात प्लॅस्टिकचे गवत अंथरावे की नाही, हा प्रश्न वरवर पाहता अगदी क्षुल्लक आहे. कुणी म्हणेल, अहो, ज्याचे अंगण त्याची हौस. यात नीती-अनीतीचा काथ्याकूट कशाला? परंतु प्रपंचातले पुष्कळसे मोठे प्रश्न असेच लहान वस्तूंच्या रूपाने दाराशी येतात आणि आपण विचार न करता त्यांना आत घेतो. म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांबरोबर करावा असे आम्ही योजिले आहे.

प्रथम जागा पाहू. दहिसरच्या उत्तरेस वसईच्या खाडीपर्यंत पसरलेले मीरा-भाईंदर हे मूळचे मिठागरांचे, भातखाचरांचे आणि कोळीवाड्यांचे. राई, मुर्धा, मोर्वा, नवघर, घोडबंदर, उत्तन अशी ही गावे. १९८५ साली येथे नगरपरिषद आली, २००२ साली महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतीत येथे सुमारे ५ लाख २० हजार माणसे होती, ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. माणसे वाढली, जमीन काही वाढत नाही. तेव्हा गावठाणातल्या जुन्या घरापुढे किंवा तळमजल्याच्या बिऱ्हाडामागे ज्याच्या वाट्याला चार हात माती उरली, तो भाग्यवानच म्हणायचा. आणि नेमकी हीच माती झाकण्याचा मोह आज पडू लागला आहे.

हे गवत बसवतात कसे, तेही समजून घ्यावे. कारण प्रश्नाचे मर्म त्या कामातच आहे. आधी अंगणातली माती तीन-चार इंच खणून काढतात. तिच्या जागी खडी व कच घालून धुम्मस करतात आणि पाणी वाहून जावे म्हणून उतार ठेवतात. त्यावर एक कापड पसरतात, ते अशासाठी की खालून कोणतेही खरे गवत वर येऊ नये. मग गवताचे रोल उलगडायचे, पाती एकाच दिशेला झुकतील असे जुळवायचे, सांधे पट्टीने व डिंकाने चिकटवायचे, कडेला खिळे मारायचे आणि पाती उभी राहावीत म्हणून वरून बारीक वाळू झाडायची. म्हणजे पाहा, खोटे गवत लावण्याची पहिली अट ही, की खरे गवत पुन्हा कधी उगवणार नाही अशी व्यवस्था करावी!

विकणारा सांगतो, ‘एकदा बसवा आणि विसरून जा.’ हे काही खरे नाही. पाती उन्हाने व पायाने बसतात, ती ताठ झाडूने उलट्या दिशेने उठवावी लागतात. पडलेला पाला वेचावा लागतो; मातीत तो कुजून खत होतो, येथे नुसता सडतो. कुत्र्या-मांजराची घाण माती मुकाट्याने पोटात घेते, येथे ती धुऊन काढावी लागते, नाहीतर वास सुटतो. आपल्याकडे चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतार चुकला की पाणी तुंबते, शेवाळ धरते आणि म्हातारी माणसे घसरतात. दिवाळीत पणती ठेवायची म्हटली तरी जपून. फुलबाजीची एक ठिणगी पडली की पाते वितळून काळे होते. आणि एवढे सगळे करूनही दहा-पंधरा वर्षांत ते काढून टाकायचेच.

तेव्हा कष्ट सुटतात, ही समजूत भ्रामक आहे. झाडायचे आहेच, धुवायचे आहेच. सुटते ते त्या कष्टांचे फळ. खऱ्या गवताला पाणी घातले तर ते वाढते. याला घातले तर धूळ तेवढी जाते. आमच्या मते या प्रश्नाचे बीज येथे आहे.

आता पूर्वपक्ष ऐकू. कोणी चतुर गृहस्थ म्हणेल, “महाराज, तुम्ही खोट्याला नावे ठेवता; मग दगडाची मूर्ती तरी खरा देव कुठे आहे? विटेवरचे रूप माणसाच्याच हाताने घडलेले ना? खऱ्याच्या जागी त्याची प्रतिमा ठेवणे हे जर पाप, तर देव्हारा आधी रिकामा करा!”

ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. प्रतिमा केली म्हणून दोष लागत नाही, हे आम्हाला मान्य आहे. पण प्रतिमा घरात आणल्यावर आपले काय होते, ते पाहावे. मूर्ती आणली की कामे वाढतात. पहाटे उठणे आले, स्नान, गंध, नैवेद्य आले, गावाला जायचे तर शेजाऱ्याला पूजा सांगून जाणे आले. ती प्रतिमा आपल्याला बांधून घेते आणि पलीकडच्या खऱ्याची आठवण रोज करून देते. प्लॅस्टिकचे गवत आपण आणतो ते याच्या अगदी उलट हेतूने: हिरवेपणा दिसावा, पण त्याचे ऋण नको. मूर्ती सेवेला बोलावते, हे गवत सेवेतून मोकळे होण्यासाठी आणलेले असते. दोन्ही प्रतिमा खऱ्या, पण एक खऱ्याकडे नेते आणि दुसरी खऱ्याची गरज विसरायला लावते.

अरणच्या सावता महाराजांचे उदाहरण येथे सहज आठवते. मळा हेच त्यांनी पंढरपूर मानले आणि भाजीपाल्याची निगा हीच पूजा. याचा अर्थ मळा सुंदर दिसत होता म्हणून पूजा घडली असा नव्हे. मळा रोज काहीतरी मागत होता आणि ते रोज देत होते, म्हणून घडली. ज्या मळ्याला पाणी लागत नाही, त्यात सावता माळी काय करणार होते?

या वस्तूचा इतिहासही बोलका आहे. अमेरिकेत ह्यूस्टन शहरी १९६५ साली छप्पर असलेले एक प्रचंड क्रीडागृह उघडले. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रकाशाने खेळाडूंचे डोळे दिपत, चेंडू दिसेना. म्हणून तावदाने रंगवली. ऊन बंद झाले तसे आतले गवत मेले, आणि १९६६ साली तेथे नायलॉनचे गवत अंथरले. पुढे १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकीही असल्याच मैदानावर आली. म्हणजे आधी आपल्या सोयीसाठी उजेड बंद करायचा, आणि मग गवत जगत नाही म्हणून त्याचे सोंग आणायचे. आपल्या अंगणातही पुष्कळदा हाच क्रम असतो. आधी भिंत वाढवतो, वर पत्रा टाकतो, आणि नंतर म्हणतो, “येथे काही उगवतच नाही हो!”

बरे, हा केवळ आपल्या घरापुरता मामला असता तरी एक वेळ चालले असते. जिवंत गवत आतले पाणी वाफेने सोडून गार राहते. प्लॅस्टिकला ते साधत नाही. कडक उन्हात त्याचा पृष्ठभाग ६० अंश सेल्सियसच्या वर गेल्याच्या नोंदी आहेत. मग मूल अनवाणी खेळणार कसे? पाती उन्हाने ठिसूळ होऊन तुटतात, पावसाबरोबर गटारात जातात आणि गटार खाडीला मिळते. ज्या समुद्रावर उत्तन-पालीचे कोळी पोट भरतात, तो याच खाड्यांचे पाणी घेतो. युरोपातील देशांच्या संघाने २०२३ साली मैदानी गवतात भरल्या जाणाऱ्या प्लॅस्टिक-रबराच्या दाण्यांच्या विक्रीवर २०३१ पासून बंदी ठरवली, ती असले कण निसर्गात पसरतात म्हणूनच. आणि जुने झालेले गवत? त्यात प्लॅस्टिकचे दोन-तीन प्रकार एकमेकांना चिकटलेले, त्यामुळे ते वितळवून पुन्हा वापरणे अवघड. ते कचऱ्यात जाते, आणि या शहराचा कचरा जातो उत्तनच्या धावगी डोंगरावर, जेथील गावकरी दुर्गंधी आणि धुरापायी वर्षानुवर्षे तक्रार करीत आले आहेत. आपले अंगण स्वच्छ दिसावे म्हणून दुसऱ्याच्या दारात ओझे टाकणे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

तरीपण एकांगी बोलणे बरे नव्हे. जेथे मुळात माती नाहीच, गच्चीची फरशी आहे, तेथे एखाद्याने तुकडा अंथरला तर त्याने कुणाचे काही हिरावले नाही. मैदान नसलेल्या वस्तीत जाळी लावून केलेल्या असल्या खेळपट्टीवर पोरे चेंडू खेळतात, त्यांना आम्ही दोष देणार नाही. गुडघे धरलेल्या एकट्या आजीबाईंनी चिखल नको म्हणून दारापुढे पट्टी टाकली, तर तिला उपदेश करण्यापेक्षा शेजारच्या तरुणाने तिचे अंगण महिन्यातून एकदा झाडून द्यावे, हे अधिक पुण्याचे.

आणखी एक. खरी हिरवळ तरी आपली कुठे आहे? गालिच्यासारखी कापलेली हिरवळ साहेबाच्या बंगल्यातून आली, आणि ती पाणी फार पिते. शहाड-टेमघरहून आणि औद्योगिक महामंडळाकडून आणलेल्या पाण्यावर जगणाऱ्या शहराला ती परवडायची नाही. आपले अंगण सारवलेले असे. सडा, रांगोळी, मध्ये तुळस आणि कडेला आपोआप आलेली हरळी. शेतकरी जिला खणून खणून कंटाळतो तीच ही हरळी गणपतीच्या पूजेत दूर्वा होते. उन्हाळ्यात वाळते, पहिल्या सरीला पुन्हा फुटते. तिला माळी लागत नाही, फक्त माती उघडी लागते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. गवत अंथरण्यापूर्वी एक प्रश्न विचारावा: खाली काय झाकले जाणार? फरशी असेल तर आपली सोय पाहावी. माती असेल तर थांबावे. अगदीच गरज असली तर निम्मी जागा तरी उघडी ठेवावी, झाडाच्या बुंध्याभोवती दोन-तीन हात माती मोकळी सोडावी, आणि घरातल्या एका लहान मुलाकडे एका रोपाच्या पाण्याचे काम द्यावे. अंगण चार महिने पिवळे दिसले तर दिसू द्यावे. पाहुण्याला ते बरे वाटणार नाही कदाचित; पण ते जिवंत आहे, आणि आपल्या तांब्याभर पाण्याची वाट पाहत आहे, हे घरच्यांना ठाऊक असले म्हणजे पुरे.