रिकाम्या रकान्यातला बाप

मराठी माणसाच्या नावातच बाप असतो. त्र्यंबकेश्वरी तीर्थोपाध्यायांच्या वह्यांतली घराणीही बापाच्या नावानेच गुंफलेली. ज्याच्या बापाचे नाव कोणालाच ठाऊक नाही, त्याने आपल्या कुळाचा शोध कुठून सुरू करायचा? माझे ठाम मत आहे की, आईपासून. गर्भ राहिला तेव्हा ती कुठल्या गावी, कोणाच्या घरी, कसल्या कामावर होती, हे आधी शोधावे.

इंग्लंडमध्ये जुन्या काळापुरते हे काम त्या मानाने सोपे जाते, कारण अनौरस पोरांचा खर्च तिथल्या पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या स्थानिक हद्दीवर पडे आणि तिला पैसा वाचवायचा होता. 1733 च्या कायद्यानुसार बाईने शपथेवर बापाचे नाव सांगितले की त्याला पकडून पोराच्या खर्चाची हमी लिहून घेत. 1834 च्या कायद्याने तो भार आईवरच ढकलला आणि अशा कागदांचा ओघ आटला.

आपल्याकडे बापाचे नाव विचारलेच गेले नाही, ते वेगळ्या कारणाने. 1863 मध्ये जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, 1875 मध्ये पंढरपुरात लालशंकर उमियाशंकर यांनी अनाथ बालकाश्रम सुरू केला. फसवल्या गेलेल्या विधवेने गुपचूप येऊन सुखरूप बाळंत व्हावे, हा फुल्यांच्या घराचा हेतू होता. तिथे बापाची चौकशी झाली असती तर बायका आल्याच नसत्या, आणि पोरे विहिरीत गेली असती. संशोधकाला आज जी उणीव वाटते, तिनेच तेव्हा जीव वाचवले.

काशीबाई या ब्राह्मण विधवेचा असाच एक मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. 1887 च्या मृत्युपत्रात जोतिरावांनी त्याला वारस केले. तरीही 1890 मध्ये त्यांच्या अंत्ययात्रेत टिटवे, म्हणजे विस्तवाचे मडके, धरायला भाऊबंदांनी यशवंताला हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती घेतले. जन्म देणाऱ्या बापाचे नाव कोणी विचारले नाही. वाढवणाऱ्याच्या वारशावर मात्र भांडण झाले.

आता डीएनए चाचणी आली आहे. सावत्र भावंडांत साधारण पाव वाटा जुळतो, सख्ख्या चुलतभावांत आठवा. आईकडच्या एखाद्या नातेवाइकाचीही चाचणी करून घ्यावी. त्याच्याशी जुळणारी माणसे बाजूला काढली की उरलेली बहुधा बापाकडची. त्यांच्या वंशावळी मांडत खाली यायचे आणि योग्य वेळी योग्य गावात असलेला पुरुष हुडकायचा. पण आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जातीतच लग्ने, त्यात मामाची मुलगी करण्याची रीत. त्यामुळे दूरचे नातेही जवळचे भासते, आणि एकच माणूस दोन्हीकडून नात्यात निघतो. नुसत्या आकड्यावर विसंबून कोणाच्या दारात जाऊन उभे राहू नये.

दत्तक गेलेल्यांना 2022 च्या दत्तक नियमावलीने मूळ शोधण्याची वाट दिली आहे. मूल सोपवताना आईने नाव गुप्त ठेवायला सांगितले असेल, तर तिची संमती लागते, आणि ते रास्तच आहे. अविवाहित आई एकटीच सही करून मूल सोपवू शकते, त्यामुळे फायलीत बाप बहुधा नसतोच.

तेव्हा उरतात ती घरातली म्हातारी माणसे. आईने स्वतः मौन पाळले असेल तर ते तिचे. तिला छेडू नये. मात्र तिच्या पश्चात त्या पुरुषाची अब्रू सांभाळण्याचे काम मावशी-मामांनी अंगावर घेऊ नये. तुमच्या घरात असे काही तुम्हाला ठाऊक असेल आणि ते लेकरू, आता साठीचे का असेना, विचारायला आले, तर त्याला बसवून घ्या आणि जे माहीत आहे ते सांगा.