वाढत्या अंगाचे माप

'मुलाचे पाय पाळण्यात दिसतात' ही म्हण आपण सर्वांनी लहानपणी ऐकलेली असते आणि मोठेपणी इतरांना ऐकवलेली असते. म्हण खोटी नाही, पण अर्धी आहे. पाळण्यात पाय दिसतात. ते पाय किती चालतील, कोणत्या वाटेने जातील आणि कुठे थकून बसतील, हे काही पाळण्यात दिसत नाही. तरीही पाळण्याभोवती जमलेली मंडळी भाकिते करायचे सोडत नाहीत. पाळणा घरातला असला तर बोलणी घरातच राहतात. पण ज्याचा पाळणा साऱ्या जगासमोर टांगलेला आहे, अशा तरुण व्यावसायिक खेळाडूचे काय? त्याच्या वाढीवर पाहणाऱ्यांचा हक्क किती? हा प्रश्न वरवर खेळाचा वाटतो. माझ्या मते तो नीतीचा आहे, आणि म्हणूनच दिवाळी अंकाच्या निवांत वाचकांपुढे तो मांडावासा वाटला.

आमचे इंदूर तसे क्रिकेटचे गाव. होळकर संघाने १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत दहा वेळा रणजी करंडकाचा अंतिम सामना गाठला आणि चार वेळा करंडक जिंकला. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे ही नावे इथल्या जुन्या घरांत अजूनही आप्तांसारखी घेतली जातात. पण रेसकोर्स रोडवर बास्केटबॉलचेही संकुल आहे आणि त्या खेळाचे वेड असलेली मुलेही थोडी नाहीत. अमेरिकेतले सामने आपल्याकडे सकाळी दिसतात. त्यामुळे शाळेत प्रार्थनेची घंटा होण्याआधीच वरच्या वर्गांतल्या मुलांचे तट पडलेले असतात. विषय बहुधा एकच: एखादा नवा, सात फुटांच्या घरातला, एकोणीस-वीस वर्षांचा खेळाडू. एक तट म्हणतो, "त्याला मैदानात उतरवा, खेळल्याशिवाय शिकणार कसा?" दुसरा आपल्या इंदुरी थाटात सुनावतो, "भिया, अभी कच्चा है, बसवून ठेवा." आणि एखादा न्यायाधीश कोपऱ्यातून निकाल देतो, "हा काही व्हायचा नाही. गेला कामातून!" निकाल देणारा स्वतः सोळा वर्षांचा असतो.

या वादात उंच खेळाडूच का सापडतो, याचे कारण आपल्या मराठीतल्या एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'थोराड'. वयाच्या मानाने अंगाने मोठा दिसणाऱ्या मुलाला आपण थोराड म्हणतो. शाळेच्या रांगेत तो सर्वांत मागे उभा असतो आणि वर्गात काही मोडले-फुटले की सर्वांत आधी त्याच्याकडे बोट जाते. 'एवढा घोडा झालास तरी कळत नाही?' हे वाक्य तेरा वर्षांच्या थोराड मुलाला जितके ऐकावे लागते, तितके त्याच्याच वयाच्या किडकिडीत मुलाला ऐकावे लागत नाही. कारण डोळ्यांना उंची दिसते, वय दिसत नाही. आपण त्याच्या हाडांकडे पाहून त्याच्या समजुतीचा हिशेब मांडतो.

बास्केटबॉलमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडते. जाळीची कडी जमिनीपासून दहा फुटांवर असते, म्हणून उंच मुलगा दिसला की साऱ्यांना वाटते, अर्धे काम देवानेच करून ठेवले आहे. वस्तुस्थिती अशी की उंच खेळाडू उशिरा पिकतो. हाडे भराभर वाढतात. त्या लांब हातापायांवर ताबा यायला वर्षे जातात. गुडघे आणि पावले यांवर वजनाचा भार पडतो. शिवाय त्याचे काम एकट्याचे नाही. कडीखाली उभे राहून आपल्या चारही सोबत्यांच्या चुका त्याला सावराव्या लागतात. कोण कुठून आत घुसेल हे क्षणभर आधी ओळखावे लागते. चेंडू बहुधा त्याच्याकडे दुसऱ्याच्या हातून येतो. सोबत्याने वेळेवर दिला नाही, तर सात फूट उंची नुसती उभी राहते. अशी जाण सामने खेळूनच येते, आणि नवख्याला मैदानात ठेवावे तर आजचा सामना हातचा जातो. मुलांचे दोन तट पडतात ते काही उगीच नव्हे. संघापुढचा पेच खराच आहे.

आता आपल्याच देशातले उदाहरण पाहू. पंजाबातल्या बरनाला जिल्ह्यातल्या बल्लो के या खेड्यातला सतनामसिंग भामरा. शेतकऱ्याचा मुलगा, उंची सात फूट दोन इंच. लुधियानाच्या अकादमीत त्याने खेळाचे धडे गिरवले आणि २०१० साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, शिष्यवृत्तीवर तो अमेरिकेत फ्लोरिडाला गेला. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. शाळा इंग्रजीत, सूचना इंग्रजीत, रागावणेही इंग्रजीत. २५ जून २०१५ रोजी डॅलस मॅव्हरिक्स संघाने त्याला निवडीत ५२व्या क्रमांकावर घेतले. एन.बी.ए.च्या निवडीत नाव आलेला भारतात जन्मलेला तो पहिला खेळाडू. तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. दुसऱ्या वर्षी त्याच्यावर माहितीपट निघाला. त्याचे नाव 'वन इन अ बिलियन', म्हणजे अब्जात एक. नावातच पाहा, एका पोराच्या खांद्यावर केवढा देश बसवला!

पुढे काय झाले? डॅलसच्या मुख्य संघातून तो एकही सामना खेळला नाही. दुय्यम स्पर्धेतल्या टेक्सास लेजंड्स संघात दोन हंगाम काढले, तिथेही संधी बेताचीच मिळाली. ज्या महिन्यात त्याची निवड झाली, त्याच महिन्यात गोल्डन स्टेट वॉरियर्स संघाने आपल्या उंच सेंटरला बसवून, बुटक्या पण चपळ खेळाडूंच्या जोरावर अजिंक्यपद मिळवले होते. खेळच बदलत होता. कडीखाली पाय रोवून उभे राहण्याची जी विद्या हा मुलगा पाच वर्षे शिकला, तिचा भाव बाजारात उतरत चालला होता. २०२० साली उत्तेजक चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली. २०२२ मध्ये तो अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीच्या रिंगणात दिसू लागला. 'अब्जात एक' म्हणणाऱ्यांपैकी बरेच जण तोवर पांगले होते. काही थट्टा करत होते, आणि बाकीच्यांना त्याची आठवणही राहिली नव्हती.

अशा वेळी धीराची बाजू घेणारे लोक एक ठरावीक दाखला देतात. यानिस आंतेतोकून्पो हा ग्रीसमधला जवळजवळ सात फुटी मुलगा २०१३ मध्ये पंधराव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हा काडीसारखा होता. पहिल्या हंगामात त्याची सरासरी सामन्याला ६.८ गुणांची. मिलवॉकी संघाने वाट पाहिली. २०१९ आणि २०२० मध्ये तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये त्याने संघाला अजिंक्यपद मिळवून दिले. शेवटच्या सामन्यात एकट्याने ५० गुण केले. "पाहा, धीर धरला तर असे फळ मिळते!"

दाखला खरा आहे. तरी हे धीराचे समर्थन मला लंगडे वाटते. कारण लगेच दुसरा दाखला पुढे येतो. २००७ मध्ये ग्रेग ओडन हा सात फुटी सेंटर पहिल्या क्रमांकावर निवडला गेला, केव्हिन ड्युरांटच्याही आधी. गुडघ्यांनी दगा दिला आणि एन.बी.ए.च्या साऱ्या कारकिर्दीत त्याचे नियमित हंगामातले सामने झाले अवघे १०५. त्याच्यासाठी वाट पाहणाऱ्यांचा धीर मग वाया गेला म्हणायचा का? फळ मिळेल म्हणून धरलेला धीर हा उधारीचा व्यवहार आहे. आपण मुलाला आज माया देतो आणि उद्या व्याजासकट वसूल करू म्हणतो. व्याज आले नाही की त्याला बुडवा ठरवतो. सावकारही वाट पाहतोच की! त्याला कोणी धीराचा पुतळा म्हणत नाही.

माझे म्हणणे असे की शिकणाऱ्याला वेळ द्यायचा तो तो शिकत असतो म्हणून, तो पुढे मोठा होईल म्हणून नव्हे. यानिसला जेवढा वेळ देणे रास्त होते, तेवढाच ओडनला आणि तेवढाच सतनामला देणे रास्त होते. निकाल नंतर लागतो. न्याय आधी करायचा असतो.

यावर कोणी म्हणेल, "सर, तुमची शाळा वेगळी आणि हा धंदा वेगळा. तो पगार घेतो, आम्ही तिकीट काढतो. दुकानदाराचा माल आम्ही पारखून घेतो, मग याचा का नाही?" आक्षेप वजनदार आहे. व्यावसायिक खेळ प्रेक्षकांच्या पैशावर चालतो आणि तिकीट काढणाऱ्याला बोलण्याचा हक्क आहे. आज बचाव ढिला पडला, मोफत फेकी चुकल्या, सरावात आळस दिसला, हे जरूर बोलावे. बंदी आली तर तिची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी. कोवळे वय ही कायमची ढाल होऊ शकत नाही. पण तिकीट आजच्या खेळाचे असते. उद्याच्या माणसाचे तिकीट कोणत्याही खिडकीवर विकत मिळत नाही. 'आज तू वाईट खेळलास' हे परीक्षण झाले. 'तू काही होणार नाहीस' हा शाप झाला, आणि शाप देण्याइतके तप आपण कोणी केलेले नाही.

आणि अपेक्षा केवळ मागे पडलेल्याचाच छळ करते असे नाही. लवकर जिंकलेल्याचाही करते. हे इंदूरइतके कोणाला ठाऊक असणार? नरेंद्र हिरवाणी गोरखपूरहून कोवळ्या वयात इथे आला आणि संजय जगदाळे यांच्या हाताखाली लेगस्पिन शिकला. जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला, वेस्ट इंडिजविरुद्ध पहिल्याच कसोटीत त्याने १३६ धावांत १६ बळी घेतले. पदार्पणातला तो विश्वविक्रम. वय एकोणीस. पहिल्या चार कसोट्यांत ३६ बळी झाले आणि लोकांनी पुढचा सगळा हिशेब त्या दराने मांडला. पुढच्या तेरा कसोट्यांत ३० बळी मिळाले. एकूण १७ कसोट्या, ६६ बळी. 'एका सामन्याचा राजा' असे म्हणून लोक मोकळे झाले. पण हाच माणूस पुढे वर्षानुवर्षे मध्य प्रदेशासाठी गोलंदाजी करत राहिला आणि प्रथम श्रेणीत त्याने ७३२ बळी घेतले. ते बहुतेक बळी घेतले तेव्हा मैदानाभोवती फारशी गर्दीही नसेल. ज्यांनी मद्रासच्याच फूटपट्टीने मोजले त्यांना हा दीर्घ उद्योग दिसलाच नाही.

गीतेने कर्म करणाऱ्याला फळाचा लोभ सोडायला सांगितले. गंमत अशी, की इथे कर्म एकाचे आणि फळाचा लोभ भलत्याचाच! घाम खेळाडूने गाळायचा, आणि फळ वेळेवर पिकले नाही म्हणून तगमग आपण करायची. ही तगमग प्रेमातून येते हे मला मान्य आहे. आपल्याला कोणीतरी आपला वाटतो, त्याच्या यशात आपण वाटेकरी होऊ पाहतो. पण 'पी हळद अन् हो गोरी' अशा प्रेमाने मूल पोसत नाही. मराठीत 'वाढणे' हा शब्द फार सुंदर आहे. आई ताटात वाढते आणि मूल अंगाने वाढते. दोन्हीला क्रियापद एकच. वाढणारीने आपल्या हाताने वाढावे. जेवणाऱ्याच्या अंगी ते किती आणि केव्हा लागेल, हे तिच्या हातात नसते.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या प्रदेशात राहणाऱ्या कुटुंबांना हे निराळे समजावून सांगायला नको. आपली मुले घरात मराठी आणि दाराबाहेर दुसरी भाषा बोलत वाढतात. पुण्याचे पाहुणे आले की त्यांना इकडची मराठी हिंदाळलेली वाटते. शेजारी म्हणतात, हिंदी बोलण्यात मराठी वळण येते. दोन्ही बाजूंनी फूटपट्ट्या लावल्या जातात आणि मूल दोन्हीकडे थोडे आखूड भरते. त्याने एकाच वेळी दोन घरांची उठाठेव अंगावर घेतली आहे, हे मोजणारा ध्यानात घेत नाही. चौदा वर्षांचा पंजाबी मुलगा अनोळखी भाषेत अनोळखी खेळी शिकत होता, तेव्हा त्याचे मोजमाप घेणाऱ्यांनी तरी हे कुठे ध्यानात घेतले?

पूर्वी दिवाळीला घरोघर मुलांचे कपडे शिवायला टाकत. आई शिंप्याला बजावून सांगे, 'वाढत्या अंगाचे शिवा हो, आणि आत माया ठेवा.' शिवणीच्या आत दुमडून ठेवलेल्या जादा कापडाला आपली भाषा 'माया' म्हणते. मुलगा वाढला की शीण न करता ती उसवायची आणि कपडा सैल करायचा; नाही वाढला तर ती आत तशीच राहते, बाहेरून कोणाला दिसत नाही, मुलाला टोचतही नाही. तरुण खेळाडू असो की आपल्या घरातले पोर, त्याचे माप घेताना आपण ते आजच्या अंगावर घट्ट बेतायला जातो किंवा आपल्या स्वप्नाएवढा झगा त्याच्यावर चढवतो. त्यापेक्षा आईने शिंप्याला सांगितलेले बरे. माप आजचे घ्यावे, आणि शिवणीत माया ठेवावी.