घोड्याचा दिवस आणि धन्याचा दिवस

भाकरी का करपली, विड्याचे पान का नासले आणि घोडा का अडला, या तीन प्रश्नांस आपल्या पूर्वजांनी एकच उत्तर देऊन ठेविले आहे: न फिरविल्यामुळे. लहानपणी हे कोडे ज्याने ऐकले नाही असा मराठी मनुष्य विरळा. कोड्याची सारी गंमत उत्तराच्या एकपणात आहे; परंतु त्या गमतीच्या भरात एक गोष्ट ध्यानातून निसटते. भाकरी करपली तर आपण भाकरीस दोष देत नाही, पान नासले तर पानास देत नाही. मग घोडा अडला तर तो घोड्याचा हट्ट कसा? फिरविणारा कोणी तरी होता, आणि तो त्या वेळी दुसरीकडे होता. तो कोठे होता, हे कोड्याने विचारलेले नाही. मुंबईपुरते आज उत्तर द्यावयाचे तर तो बहुधा आगगाडीत होता.

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, अशी पुष्कळ कुटुंबे १९८२ च्या गिरणी संपानंतरच्या काळात हळूहळू उत्तरेस व पूर्वेस सरकली. बदलापूर, नेरळ, कर्जत येथे त्यांनी घरे केली. दादरास ज्यास मांजर पाळावयाचे तर शेजाऱ्याची मर्जी सांभाळावी लागे, त्यास तेथे अंगण मिळाले. आणि अंगण मिळाले की मनुष्याची दडपलेली हौस डोके वर काढते. कोणास गाय हवी असते, कोणास कुत्रा, आणि एखाद्यास घोडा. हौस वाईट नव्हे. परंतु कचेरी फोर्टातच राहिलेली असते. कर्जत मुंबईहून रेल्वेने सुमारे १०० किलोमीटर आहे; जलद गाडीसही दोन तासांच्या आसपास लागतात. दहाच्या ठोक्यास हजर व्हावयाचे तर घर सातला सोडले पाहिजे, आणि परत उंबरठा दिसावयास रात्रीचे नऊ वाजतात. म्हणजे दिवसाचे चौदा तास धनी एका ठिकाणी व घोडा दुसऱ्या ठिकाणी. अशा मनुष्याने घोडा ठेवावा काय? वरवर पाहता हा प्रश्न हौशीचा व पैशाचा दिसतो. आम्हांस तो नीतीचा वाटतो, म्हणून येथे घेतला आहे.

एक गोष्ट प्रथम सांगितली पाहिजे की, हा पेच फार जुना नाही. ज्या काळी मनुष्य कामावर घोड्यावरून वा घोड्याच्या गाडीतून जात असे, त्या काळी धन्याचा दिवस तोच घोड्याचा दिवस असे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली आगगाडी सुटली, तेव्हा या दोन दिवसांची फारकत होण्यास आरंभ झाला. तरीही शहराच्या पोटात घोडा पुढे अर्धशतक टिकला. ९ मे १८७४ रोजी कुलाब्यापासून पायधुणीपर्यंत ट्राम सुरू झाली ती घोड्यांचीच, आणि त्या कंपनीच्या तबेल्यांत नऊशे घोडे होते असे सांगतात. १९०५ साली ती बंद पडली व १९०७ च्या मे महिन्यात विजेची ट्राम धावू लागली. तेव्हापासून चाकरमान्यास घोड्याची गरज उरली नाही. ज्याची गरज उरत नाही ते प्राणी हौशीचे होतात. आणि हौशीच्या प्राण्याचा धोका हा की, त्याची आठवण आपल्या सवडीने येते, त्याच्या भुकेने येत नाही.

घोड्याची भूक कशी असते हे पाहिल्यावाचून पुढचा विचार व्यर्थ आहे. मोकळ्या कुरणात सोडलेला घोडा दिवसरात्र मिळून चौदा-सोळा तास चरत असतो. त्याचे जठर देहाच्या मानाने लहान, आणि त्यात आम्ल मात्र सतत पाझरत असते. अन्न असो वा नसो. म्हणून थोडे थोडे आणि पुष्कळ वेळा, हा त्याच्या खाण्याचा नियम. सकाळी गाडी गाठण्यापूर्वी एक तोबरा आणि रात्री परत आल्यावर एक तोबरा, हा हिशेब मनुष्याच्या डब्याचा आहे, घोड्याच्या पोटाचा नव्हे. त्यातून पोटशूळ उद्भवतो, जठरास व्रण पडतात. शिवाय तो कळपातला प्राणी. एकट्याने बांधून ठेवलेला घोडा दाराची चौकट कुरतडू लागतो, जागच्या जागी डुलू लागतो, आणि पाहणारा म्हणतो, जनावर खोडकर आहे!

पण कोड्यातील उत्तराची खरी साक्ष आणखी एका रोगात मिळते. ओढकामाच्या घोड्यांस पाश्चात्त्य देशांत रविवारी सुटी असे, चंदी मात्र नेहमीइतकीच मिळे. सोमवारी जुंपले की थोडे अंतर जाताच कित्येक घोड्यांच्या मागच्या मांड्या लाकडासारख्या ताठ होत, अंगास घाम सुटे, मूत्र गडद तांबूस होई, आणि पुढे एक पाऊल टाकणे अशक्य होई. इंग्रज त्यास सोमवार-सकाळचा रोग म्हणत. घोडा खरोखरच अडत असे, आणि न फिरविल्यामुळेच! आपल्या कर्जतकर गृहस्थाच्या घरी हाच रोग वार बदलून येतो. पाच-सहा दिवस घोडा दावणीस उभा. चंदीत काटकसर नाही, कारण धन्याचे मन त्यास खात असते आणि ते मन तो धान्याने शांत करतो. मग रविवार उजाडतो. आठवडाभर गर्दीत अंग चोरून प्रवास केलेल्या मनुष्यास त्या सकाळी वाऱ्यासारखे धावावेसे वाटते, आणि तो घोड्यावर खोगीर चढवून दोन तासांच्या रपेटीस निघतो. येथे दुष्टपणा कोठेच नाही. प्रेम आहे, खर्च आहे, उत्साह आहे. घोड्याचा आठवडा मात्र कोणी विचारात घेतलेला नाही.

कोणी म्हणेल, यावर उपाय सोपा आहे, मोतद्दार ठेवावा. आम्हीही तेच म्हणतो, परंतु ते इतक्या सहजपणे म्हणवत नाही. पैसे देऊन आपले कर्तव्य दुसऱ्याच्या हाती सोपविणे हे कर्तव्य टाळणे होय, असे काही नीतिनिष्ठ मंडळींस वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे व बारगिराचा सरकारी पागेतला. मालकीनेच माया उत्पन्न होते असे धरले तर शिलेदारांचीच घोडी उत्तम राहावयास हवी होती. परंतु शिवछत्रपतींनी भर दिला तो पागेवर. सभासद सांगतो की, दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद नेमलेला असे. म्हणजे पाणी व नाल या गोष्टी कोणाच्या लहरीवर ठेविलेल्या नव्हत्या. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळुणाकडील लष्कराच्या अधिकाऱ्यांस महाराजांनी जे पत्र धाडले, ते प्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व गवत आताच मन मानेल तसे उधळाल, तर पुढे घोडी उपाशी पडून मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारिली असे होईल, असा त्याचा आशय आहे. घोडी मारणे म्हणजे केवळ तलवार चालविणे नव्हे. वेळेवर हिशेब न ठेवणे हेही मारणेच, हा विचार त्या पत्रात स्वच्छ आहे. हिशेब कोणाच्या हाताने ठेविला जातो याला तेथे महत्त्व नाही.

उलट बाजूही पाहावी. केवळ घोड्याजवळ राहिल्याने त्याचे कल्याण होते असेही नाही. गेटवेपाशी व मरीन ड्राइव्हवर ज्या व्हिक्टोरिया चालत, त्यांचे हाकणारे दिवसभर घोड्याच्या शेजारीच असत. तरी त्या घोड्यांची दैना कोर्टापर्यंत गेली, आणि जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या फेऱ्या मारणाऱ्या त्या गाड्या बेकायदेशीर ठरवून त्या बंद करण्यास वर्षाची मुदत दिली. त्या हाकणाऱ्यांस निर्दय ठरविण्याची घाई आम्ही करणार नाही. घोड्याच्या पायांवर ज्याच्या घरची चूल पेटते, त्यास घोडा लंगडला तरी सुटी देणे परवडत नाही. कर्जतच्या गृहस्थापाशी पैसा आहे, वेळ नाही. व्हिक्टोरियावाल्यापाशी वेळ होता, पैसा नव्हता. घोड्यास दोन्ही लागतात.

तेव्हा मोतद्दार ठेवणे योग्यच. घोड्याचे त्यात काही बिघडत नाही. चंदी धन्याच्या हातची की चाकराच्या, खरारा कोणी केला, याने त्याच्या कातडीस फरक पडत नाही. फरक पडतो तो धन्यास, आणि नीतीचा खरा प्रश्न येथून पुढे लागतो. सकाळी ज्याच्या पावलांच्या आवाजाने घोडा कान टवकारतो, तो मनुष्य मोतद्दार असतो. शूळ उठल्याचे ज्यास पहिल्याने कळते, तोही तोच. धनी रात्री नऊला येऊन मानेवर थोपटतो आणि पाहुण्यांस सांगतो, हा मला किती ओळखतो! हे वाक्य आम्हांस खटकते. पैसा देऊन दुसऱ्याची सकाळ विकत घेता येते, पण त्या सकाळीतून जी ओळख जन्मास येते ती आपली म्हणून मिरविणे म्हणजे त्या मनुष्याच्या मिळकतीवर हात टाकणे होय. महालक्ष्मीच्या शर्यतींतील घोड्यांचे मालक या बाबतीत अधिक प्रामाणिक म्हणावे लागतील. घोडा आपला असला तरी त्याची तयारी दुसऱ्याची आहे हे ते उघड मान्य करतात, आणि शिक्षकाचे नाव घोड्याच्या नावाशेजारी छापलेले असते. मोतद्दाराचे मात्र तेथेही कोणी छापीत नाही.

आणि त्या मोतद्दाराचा रविवार? जो धनी आपल्या आठवड्याच्या थकव्याबद्दल इतके बोलतो, त्याने हे विचारले पाहिजे. घोड्यास सणवार नाही, म्हणून मोतद्दारासही नाही, असा व्यवहार बहुतेक ठिकाणी चालतो. आमच्या मते, ज्यास पाच दिवस घोडा पाहता येत नाही, त्याच्या वाट्यास रविवारी रपेटीपूर्वी लीद काढणे आले. त्या दिवशी मोतद्दाराने घरी जावे. रपेट किती करावयाची हेही धन्याने आपल्या हौसेवरून ठरवू नये. घोडा त्या आठवड्यात किती फिरला हे मोतद्दारास विचारून ठरवावे. तो म्हणाला की आज नुसते चालवा, तर नुसते चालवावे. बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांचा जो अश्व ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसाठी दरवर्षी आळंदीस चालत येतो, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. तो माउलींचा, अशी भावना आहे. त्याची निगा राखणाऱ्यांस घोडा फुकट गेल्यासारखे कधी वाटले नसावे. आपल्या गृहस्थाकडून एवढ्या भक्तीची अपेक्षा आम्ही करीत नाही. एखाद्या रविवारी पायउतार होऊन लगाम धरून चालण्याची करतो.

राहता राहिला वयाचा प्रश्न, आणि तो बाजारात कोणी काढीत नाही. सारंगखेड्यास दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. घेणारा घोड्याचे दात पाहून वय ठरवितो, खूर उचलून पाहतो, चालवून पाहतो. घेणाऱ्याचे वय मात्र विकणारा विचारीत नाही, तो कितीच्या गाडीने जातो हेही विचारीत नाही. चांगला सांभाळलेला घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो. पंचेचाळिसाव्या वर्षी ज्याने पाच वर्षांचा घोडा घेतला, तो साठाव्या वर्षी निवृत्त होईल तेव्हा घोडा विशीचा असेल. त्या दिवसापासून धन्यास सकाळही मिळेल आणि संध्याकाळही. परंतु घोड्याचे दात झिजलेले असतील, त्यास भिजविलेला चारा द्यावा लागेल, त्याच्या पाठीवर फार तर एखादे लहान मूल बसविता येईल, आणि पगार बंद झालेला असेल. ती दहा वर्षे त्या घोड्यास कोण पोसणार, याचे उत्तर खरेदीच्या दिवशी ज्याच्यापाशी तयार असेल, त्याने खुशाल घोडा घ्यावा.